राजमणी अक्कांचा एकही खाडा नव्हता

राजमणी अक्का पाणी प्यायला उठल्या तरी चपला मशीनखाली ठेवून अनवाणी जायच्या. टॉवेल कारखान्यातल्या आमच्या शिलाई खात्याच्या एका टोकाला सुपरवायझरची काचेची केबिन आहे. तिथून बघितलं की टॉवेलच्या ढिगांमुळं बायकांची तोंडं दिसत नाहीत, मशीनखालचे पाय तेवढे दिसतात. चपला दिसल्या की बाई जागेवर आहे असं त्याला वाटतं, अशी अक्कांची समजूत. काशीनाथ सुपरवायझरनं ही युक्ती कधीच ओळखली होती. एकदा त्यानं त्या चपला उचलून हजेरीच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाला, आज अक्कांच्या चपलांनी चार डझन टॉवेल शिवलेत, त्यांचीही हजेरी मांडतो. खातं हसलं, अक्काही हसल्या. दुसऱ्या दिवशी चपला परत मशीनखाली होत्या. हे मी तिथं लागायच्या आधीचं आहे, पण तिथल्या बायका अजून सांगतात.

"रिकामं मशीन म्हणजे वाढून ठेवलेलं ताट," अक्का म्हणायच्या. "कुणीतरी येऊन बसतंयच की."

मी पंढरपूरकडच्या करकंबची. लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा कामगारांच्या घरकुलात आमची आणि अक्कांची भिंत एकच होती. त्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातल्या. आई गिरणीत होती, नवरा मागावर होता, तो वारून बरीच वर्षं झालेली. एक मुलगी, ती भिवंडीला दिलेली. घरात त्या एकट्या. आमच्याशी मराठी बोलायच्या, पण इथल्या बायकांसारखं "मी आलो, मी गेलो" म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकून मला हसू आलं होतं. मी हसले हे त्यांनी बघितलं आणि त्या दिवसापासून मला मुद्दाम बाप्याला विचारावं तसं "काय पाटील, जेवलाव का?" असं विचारायला लागल्या. मला कुणाशी पटकन बोलता येत नाही. शेजारणी दारात बसल्या की मी आत जायची. अक्का भिंतीवर दोनदा थापटायच्या आणि पलीकडून बोलायच्या. भिंत मध्ये असली की मला बोलता यायचं, हे त्यांच्याच ध्यानात आलं होतं.

त्या उंच आणि किडकिडीत होत्या. केसांत टॉवेलच्या सुताची लव अडकलेली असायची. ती झाडून का टाकत नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, उद्या परत तिथंच बसायचं हाय, ती कशाला उगा जा-ये करंल. टॉवेलच्या कडा दुमडून शिलाई मारायचं त्यांचं काम. एकवीस वर्षं एकाच मशीनवर. आणि त्या एकवीस वर्षांत त्यांचा एकही खाडा नव्हता. हे त्या कुणालाही सांगायच्या, भाजीवालीला, दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईला, माझ्या सासूला. दुसऱ्या बायका दागिन्याचं सांगतात तसं.

पण खाडा नव्हता म्हणजे त्या रोज जात होत्या असं नाही. तिथं बदलीची रीत होती. बाई आजारी पडली, बाळंत झाली, घरात कुणी गेलं, तर तिनं आपली बहीण नाहीतर भावजय मशीनवर बसवायची. बदलीवालीनं रोज मूळ बाईच्या नावापुढं मूळ बाईचीच सही काढायची. मशीन चालू राहायचं, पगार मूळ बाईच्या नावावर निघायचा, मग आपसांत काय द्यायचं ते दोघी बघायच्या. सुपरवायझरला माहीत असायचं. टॉवेल निघतायत तोवर तो कशाला बोलेल. अक्कांची आई गिरणीत असंच करायची. अक्कांचा नवरा वारला तेव्हा त्यांची बहीण तेरा दिवस मशीनवर बसली होती. रजेचा अर्ज म्हणजे आपणच आपलं नाव खोडून द्यायचं, असं अक्कांना वाटायचं. नव्या पोरींना त्या शिलाईच्या आधी हे शिकवायच्या.

तीन वर्षांपूर्वी अक्कांच्या अंगावरून जायला लागलं. दोन-तीन महिने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस भिंतीवर थाप आली ती एकदाच आली, म्हणून मी उठून गेले तर त्या जमिनीवर बसलेल्या होत्या आणि उठता येत नव्हतं. कामगार विम्याच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी पिशवी काढावी लागेल असं सांगितलं, ऑपरेशनची तारीख दिली आणि त्या दिवसापासून दोन महिने जड उचलायचं नाही, कामावर जायचं नाही, असा कागद दिला. अक्कांनी तो कागद घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.

मी म्हटलं, अक्का, तो कारखान्यात द्यायचा असतो.

"दिला की त्यांना कळतंय, ही बाई आजारी हाय," अक्का म्हणाल्या. "आजारी बाई कुणाला पाहिजे? न दिलेलं बरं."

बहीण तोवर वारली होती. म्हणून त्यांनी मला विचारलं. मी कधी घराबाहेर काम केलं नव्हतं. चौथीनंतर शाळा सुटली, मग शेतात आणि मग इथं. अक्कांनी दोन रविवार मला त्यांच्या घरातल्या जुन्या मशीनवर बसवलं. मी टॉवेल घट्ट धरायची आणि शिलाई वाकडी जायची. त्या मागं उभ्या राहून बोलायच्या. टॉवेल हाय, साप न्हाय, पळून जात न्हाय, हात ढिला सोड. सुईसंगट भाव करायलीस का, सरळ चल की. सही शिकायला मात्र जास्त वेळ लागला. अक्का दुसरीपर्यंत तेलुगू शाळेत गेलेल्या, त्यांची सही तेलुगूत होती. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. माझ्या मुलीची पाटी घेऊन मी ते वेटोळं रांगोळी काढावी तसं काढत बसले. शेवटी अक्का म्हणाल्या, माझ्यापेक्षा तुझीच बरी आली.

चाळीस दिवस मी त्यांच्या जागी बसले. रोज सकाळी हजेरीच्या टेबलापाशी जाऊन ते वेटोळं काढायची आणि खाली मान घालून मशीनकडं जायची. काशीनाथ सुपरवायझर पहिल्या दिवशी म्हणाला, अक्का, आज लई तरुण दिसायलाव. बायका हसल्या. पुढं कुणी काही म्हणालं नाही.

हजेरीच्या टेबलामागं भिंतीवर पत्र्याची एक पाटी आहे. निम्मी खोक्यांनी झाकलेली. जेवणाच्या सुट्टीत मला कुणाशी बोलायचं नसायचं, म्हणून मी ती एकेक अक्षर लावून वाचायची. आठव्या की नवव्या दिवशी एक ओळ पुरी लागली. आजारपणाच्या रजेवर असलेल्या कामगारास त्या काळात कामावरून काढता येणार नाही, असं काहीतरी होतं. मी परत परत वाचून ती पाठ केली आणि संध्याकाळी अक्कांना जाऊन सांगितली. ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, त्या खाटेवर पडून होत्या. ऐकून त्यांना हसू आलं आणि पोट धरून म्हणाल्या, हसवू नको ग, टाके दुखतात.

"ते भिंतीला लिहिलंय, सुमन. भिंतीला कोण कामावरनं काढतंय?"

मलाही ते पटलं. मी परत तो विषय काढला नाही. आज वाटतं की तो कागद मी त्यांच्या पिशवीतून काढून न विचारता टेबलावर ठेवला असता तर बरं झालं असतं. पण मी कुणाच्या पिशवीला हात लावणारी नव्हते.

दोन महिने पुरे व्हायच्या आतच, एक्केचाळिसाव्या दिवशी अक्का कामावर गेल्या. माझी मुलगी तापली होती आणि दोन दिवस माझ्याच्यानं जमणार नव्हतं. त्या म्हणाल्या, आता बरं हाय, जातो मी. नव्हतं बरं, पण माझी मुलगी उठली तरी त्या मला परत बसू देईनात. भिंतीला धरून चालायच्या. तिथं टॉवेलचा गठ्ठा ज्याचा त्यानं उचलून मशीनपाशी आणायचा असतो. पहिल्या दिवशी शेजारच्या बाईनं आणून दिला. रोज कोण देणार? अक्कांचं काम निम्म्यावर आलं. मी बसले होते तेव्हा त्या मशीनवरून जास्त माल निघाला होता, हे मॅनेजरनं बघितलं. त्याला कुठं माहीत होतं की ती मी होते. त्याला वाटलं अक्का मुद्दाम हळू करतायत. कामावर गेल्याला नऊ दिवस झाले आणि संध्याकाळी काशीनाथनं केबिनमध्ये बोलावून सांगितलं, अक्का, उद्यापासून येऊ नका, वरून सांगितलंय. का म्हणून विचारलं तर म्हणाला, कामात कुचराई.

अक्कांनी घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त एक शब्द त्या परत परत म्हणत होत्या. कुचराई. मला म्हणाल्या, मराठीत त्याचा आणखी काही अर्थ हाय का ग? मी म्हटलं, नाही.

चारच दिवसांनी काशीनाथचा मला निरोप आला. हात बसलाय तुझा, ये. मी जाणार नव्हते. खरंच जाणार नव्हते. माझ्या नवऱ्याची रिक्षा तेव्हा बंद पडून होती, तरी मी नाही म्हणून सांगितलं होतं. अक्काच म्हणाल्या, दुसरी कुणी बसण्यापरीस तू बस. मी गेले. पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या नावापुढं सही केली. मागच्या ओळीतली एक बाई मला ऐकू येईल असं म्हणाली, पाहुणी म्हणून आली आणि घरधनीण झाली. अक्का रोज संध्याकाळी भिंतीवर थापटून मशीनची खबर विचारायच्या. धागा तुटला का आज? तेल घातलंस का? डावीकडचा पट्टा जरा ढिला हाय, त्याला दम देऊन घेत जा. मी भिंतीला पाठ लावून उत्तरं द्यायची.

घरकुलातल्याच कुणीतरी अक्कांना लेबर ऑफिसात अर्ज करायला सांगितलं. अर्ज त्यांनी लिहवून घेतला. तारखेला त्या आणि मी जायचो, मी फाईल धरायला. सात रस्ता चौकात रिक्षा बदलावी लागायची आणि तेवढं चढउतार करतानासुद्धा अक्का पोटावर हात दाबून धरायच्या. टाक्याच्या जागी फुगा आला होता. दोन तारखांना कारखान्याकडून कुणी आलं नाही. तिथल्या मॅडम तरुण होत्या, नीट बोलायच्या. त्यांनी डॉक्टरांचा कागद वाचला आणि म्हणाल्या, मावशी, हा दोन महिन्यांचा कागद आहे आणि त्याची मुदत संपायच्या आत तुम्हाला काढलंय. आजारपणाच्या रजेत असं काढता येत नाही. ही रजा तुम्ही घेतलेली दिसली की मी त्यांना सोडणार नाही, तुम्हाला परत घ्यायलाच लावीन. पुढच्या वेळी हजेरीपट मागवते.

त्या दिवशी परत येताना अक्का रिक्षात खुशीत होत्या. म्हणाल्या, बघ, हजेरीपट येऊ दे. त्यात बघतील, एकवीस वर्षांत माझा एक खाडा न्हाय. असल्या बाईला काढलंय म्हटल्यावर लाज वाटंल त्यांना.

मला तेव्हाच कळलं. आपण दोघींनी काय करून ठेवलंय ते मी घरी गेल्यावर भिंतीजवळ बसून त्यांना समजावून सांगितलं. रजा घेतलेली दिसली पाहिजे, अक्का. आणि हजेरीपटात तुम्ही रोज हजर आहात. मग त्यांनी विचारलं, तू सांगशील का मॅडमला, मी बसले होते म्हणून? मी म्हटलं, सांगीन. मनापासून म्हटलं होतं.

तारखेच्या आदल्या दिवशी काशीनाथनं मला गठ्ठ्यांच्या आड थांबवलं. तो वाईट माणूस नाही. त्यानं आवाजही चढवला नाही. म्हणाला, उद्या मीच पट घेऊन जाणार हाय. तू तिथं काय बोलू नको. बोललीस तर खोटी सही केली म्हणून तुझ्यावर येईल, अक्कांवरही येईल, आणि बदली बसवली म्हणून माझ्यावर. माझं पोट हाय, तुझं हाय. मी गठ्ठा उचलून मशीनकडं गेले.

मॅडमनी पट उघडला. अक्कांनी चष्मा लावला. मॅडम म्हणाल्या, मावशी, या कागदाप्रमाणं तुमचं ऑपरेशन झालं त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात आहात. पटावर त्या दिवशी तुमची सही आहे. दुसऱ्या दिवशी आहे, तिसऱ्या दिवशी आहे. मला यात एक दिवस गैरहजेरी दाखवा. एकच दिवस दाखवा.

अक्का बोटानं सह्या बघत खाली आल्या. कुठं त्यांच्या संपल्या आणि माझ्या सुरू झाल्या ते मला लांबूनही दिसत होतं. त्यांच्या तिरक्या, रोज वेगळ्या. माझ्या चाळीसच्या चाळीस एकसारख्या.

"या सह्या कुणाच्या, मावशी?"

काशीनाथ पंख्याकडं बघत होता. मी मागच्या खुर्चीवर फाईल मांडीवर धरून बसले होते. मला उठायचं होतं. दोनच शब्द होते, माझ्या आहेत. मी ते सकाळपासून मनात म्हणत आले होते. माझी मुलगी, तिची शाळा, बंद रिक्षा, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. डोळ्यांपुढं काहीच नव्हतं. तोंड उघडेना, लहानपणी वर्गात गुरुजींनी उभं केल्यावर उघडायचं नाही तसं. अक्का मागं वळल्या आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. धागा तुटला का म्हणून विचारावं तसं बघितलं. मी खाली बघितलं.

"माझ्याच हायत, मॅडम," अक्का म्हणाल्या.

"मग दवाखान्यात कोण होतं?"

"मीच की."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मावशी, दोन्ही खरं कसं असेल?"

"आमच्यात असतंय, मॅडम."

मॅडमनी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. अक्कांनी तेच सांगितलं. शेवटी त्यांनी काहीतरी लिहिलं, अक्कांची सही घेतली आणि म्हणाल्या की मला यात पुढं काही करता येत नाही, कोर्टात जायचं तर जाता येईल. बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. अक्कांनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, रडू नको. बोलली असतीस तर दोघी घरी बसलो असतो. त्यांनी एवढंच म्हटलं. परत कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि मशीनची खबरही परत विचारली नाही. भिंतीवर थाप यायची, पण ती मीठ संपलंय का, पाणी आलं का, असल्या कामाची.

त्या विड्या वळायला लागल्या. बसून बसून पोट आणखी दुखायचं. कामावर नाव नव्हतं त्यामुळं पुढं विम्याचं कार्डही चालेनासं झालं. फुग्याचं ऑपरेशन करून घ्या म्हणून मी सांगायची, त्या म्हणायच्या, करू की, बघू की. मागच्या वर्षी एका सकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या. मी तेव्हा कामावर निघाले होते. त्या म्हणाल्या, जा तू, हे बसंल आपोआप. मी गेले. दुपारी शेजाऱ्यांनी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. आतडं त्या फुग्यात अडकलं होतं, फार उशीर झाला होता. मला संध्याकाळी सुट्टी झाल्यावर फाटकाबाहेर माझ्या नवऱ्यानं सांगितलं. मुलगी भिवंडीहून येईपर्यंत त्यांना बर्फावर ठेवलं होतं. केसांत विडीच्या पानाचा चुरा होता.

त्या गेल्यावर दोन महिन्यांनी, सुट्टीला काम केल्याच्या बदल्यात मिळालेल्या रजेच्या दिवशी, मी एकटी लेबर ऑफिसात गेले. मॅडमची बदली झाली होती. खिडकीपाशी रांग होती, मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर मी राजमणी अक्कांचं पुरं नाव सांगितलं आणि म्हटलं, त्यांच्या हजेरीपटावरच्या चाळीस सह्या माझ्या आहेत. मी केल्यात. ऑपरेशनच्या दिवशी त्या खरंच दवाखान्यात होत्या. माझा आवाज फुटला. एवढं मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते.

खिडकीतल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. अर्जदार कुठं आहेत म्हणून विचारलं. वारल्या, असं मी सांगितलं. मग ते प्रकरण बंद झालंय, बाई, असं ते म्हणाले. तरी त्यांनी एक कोरा कागद पुढं ओढला आणि विचारलं, तुमची स्वतःची काही तक्रार आहे का? यात तुमचं काय नुकसान झालं?

मी विचार केला.

"माझं काही नुकसान झालं नाही, साहेब," मी म्हटलं. "मला तिथं काम लागलं."

त्यांनी कागद परत ठेवला आणि मागच्या माणसाला पुढं यायला सांगितलं.